तुळशीखालची विहीर

पाऊस आला की शहाणी माणसं घरात शिरतात. माझा धाकटा भाऊ सेतू बाहेर पडतो. हातात छत्री असते, पण ती स्वतःवर नाही, पिशवीवर धरलेली. पिशवीत चुरमुरे. गल्लीच्या वरच्या टोकाला उभा राहून तो मूठभर चुरमुरे वाहत्या पाण्यात सोडतो आणि त्यांच्या मागोमाग चालत जातो. जिथे ते गोल फिरून थबकतात तिथे हाही थबकतो, आणि चपलेच्या टोकाने मातीत खूण करतो. कुंभकोणमच्या निम्म्या पोरांनी त्याला वेडा ठरवला होता. उरलेल्या निम्म्यांनी चुरमुरे खायला मागितले होते.

मी विजयलक्ष्मी, त्याची थोरली बहीण. बँकेच्या नोकरीत बरीच वर्षं पुण्याला काढली, म्हणून माझं लिहिणं तिकडच्या वळणाचं झालं आहे. घरात आम्ही आमचंच बोलतो. तंजावरच्या राजांबरोबर दक्षिणेत आलेल्या पूर्वजांची ती भाषा, तीत पुढे तमिळ मिसळत गेली. पुण्याच्या शेजारणी ती ऐकून पदराआड हसायच्या. त्यांना आणखी एका गोष्टीचं हसू यायचं: कावेरीकाठच्या गावाला पाण्याची चणचण! ‘काहीतरीच काय!’ म्हणायच्या. त्यांना काय सांगणार? वर्षातले कितीतरी महिने कावेरीत वाळू असते, आणि त्या वाळूत पोरं क्रिकेट खेळतात. नदी काठाशी असून घशाला कोरड, ही आमची तऱ्हा.

सेतूचं दुकान पंपाच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळण्याचं. बोअरमधलं पाणी खाली गेलं की पंप कोरडा फिरतो आणि मोटार जळते. जळालेल्या मोटारी सगळ्या सेतूच्या दुकानात यायच्या. कुठल्या गल्लीची मोटार वर्षात कितीदा जळते, यावरून कुठलं पाणी किती खोल गेलं हे त्याला बसल्या जागी कळे. धंदा उत्तम चालला होता. पण एके दिवशी हा मला फोनवर म्हणाला, “अक्का, मज हे पैके घ्यायला लाज वाटते. गावचं पाणी आटतं मणून माझं घर चालतं. हे कसलं जिणं?” मी म्हटलं, लाज वाटते तर दुकान मला दे. तो हसला नाही. सेतूचं हे असंच. एकदा डोक्यात काही शिरलं की ते पार मुरल्याशिवाय राहत नाही.

आता आमच्या घराविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. आमच्या घराला दोन विहिरी. परसातली वापरातली आणि अंगणातली बुजवलेली. अंगणातली आजोबांनी बुजवली आणि तिच्यावर तुळशीवृंदावन बांधलं. जिनं इतक्या माणसांना पाजलं तिच्या डोक्यावर कोणाचा पाय पडू नये, म्हणून. आमच्या घराण्यात ती रीतच होती. सुंदरपेरुमाळ कोयिल गावाजवळ आमची थोडी शेती होती, तिथल्या बुजवलेल्या विहिरीवरही तुळसच. वृंदावनाच्या बुडाशी विटांचं गोल कडं दिसलं, की खाली गोड पाण्याची विहीर आहे, हे आम्हा भावंडांना आईने हात जोडायला लावून शिकवलेलं. लहानपणी हात जोडून शिकलेली गोष्ट माणूस पुढे तपासत नाही.

सेतूने पहिला प्रयोग आमच्या अंगणातच केला. पूजा करून तुळस हलवली, आजोबांची विहीर उकरली, छपराचं पाणी खडी-वाळूतून गाळून तिच्यात सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात परसातल्या विहिरीचा तळ दिसला नाही. शेजारच्या घरांचे बोअरही चालले. मग काय, सेतू एका दिवसात वेड्याचा शहाणा झाला. गावातल्या तळी-विहिरी राखणाऱ्या एका ट्रस्टने त्याला बोलावून घेतलं आणि काम दिलं: पावसाचं पाणी जमिनीत कुठे मुरवायचं, त्या जागा निवडायच्या.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. खड्डा कुठेही खणता येतो, पण आमच्याकडे वर चिकणमाती असते. तिच्यात पाणी डबकं होऊन बसतं आणि डास पोसतं. खालची वाळू सापडली पाहिजे. सेतू छोटा खड्डा घेऊन त्यात घागरभर पाणी ओतायचा आणि शेजारी उकिडवा बसून ते खाली जाताना पाहत राहायचा. संडासाच्या टाकीजवळ नको, गोठ्याजवळ नको, जिथे पूर्वी उकिरडा होता तिथे तर नकोच नको. कारण मुरवलेलं पाणी वाटेतलं सगळं धुऊन खाली नेतं. “पाणी खाली गेलं की माघारी बोलावता येत नाही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, “आधी मातीस विचारायचं, मग म्हाताऱ्या माणसांस.” तिरुवलंचुळीला एक झकास जागा त्याने केवळ एका म्हाताऱ्याच्या शब्दावर सोडून दिली होती. तिथे पूर्वी मेलेली गुरं पुरत, एवढंच तो म्हातारा म्हणाला होता. मला भावाचा अभिमान वाटे. मी नोकरीतून मोकळी होऊन घरी परतले होते, आणि संध्याकाळी त्याच्याशी वाद घालण्यात माझा वेळ छान जात होता.

सेतूला एकच मुलगी, गायत्री. आई लवकर गेली, तेव्हापासून बाप-लेक एकमेकांचा श्वास होऊन राहिलेले. तिला तिरुभुवनम्‌ला दिली, मयिलाडुतुरैच्या रस्त्याला. जावई साईकुमार रेशमी साड्यांच्या एका सोसायटीत हिशेबनीस. दोघं विणकरांच्या एका गल्लीत भाड्याने राहायला गेली. तिथे दिवसभर मागांची खटखट चालते. ती थांबली तर झोपमोड व्हावी. गायत्रीचे दोन गर्भ पडले होते. त्यानंतर ती बोलायचीच कमी झाली. आणि यंदा पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरणीने सांगितलं, जपा, ओझं उचलू नका. आणि गल्लीचा हातपंप ऐन त्याच वेळी कोरडा पडला. टँकर यायचा तो कोपऱ्यावर. साईकुमार घरी नसेल तर गायत्री घागर कमरेवर घेऊन निघायची.

हे सेतूने एकदा डोळ्यांनी पाहिलं. घरी आला तो जेवलाच नाही. “अक्का, मी अस्क्या गावास, सगळ्यांस पाणी देतों, आणि माझं लेकरू घागर वाहतं,” म्हणाला. पुढे म्हणाला, “यंदा पावसाआधी तिच्या दारात पाणी आणितों. नाहीतर मी कोणाचा बाप?”

मुलीसाठी केलेल्या कामात घाई असते. घाईला सगळं ठीक दिसतं.

आम्ही दोघं तिकडे गेलो तेव्हा ट्रस्टची इंजिनीअर पोरगी, कीर्ति, बरोबर होती. गल्ली फिरून पाहिली. दोन्ही बाजूंची कौलं आणि सोसायटीच्या शेडचे पत्रे, सगळ्यांचा उतार गल्लीच्या खालच्या टोकाकडे. तिथे एक मोकळी जागा, दोन पडक्या भिंती आणि मधोमध तुळशीवृंदावन. बुडाशी विटांचं गोल कडं. सेतूने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. माझे हात तर आपोआप जोडले गेले.

“अक्का, पाहिलीस की?”

“पाहिली.”

कीर्तिने विचारलं, “अंकल, आधी इथे काय होतं?”

“पिण्याची विहीर,” सेतू म्हणाला. “चांगल्या पाण्याची. मान देऊन झाकलेली आहे.”

“कोणी सांगितलं?”

“ही तुळस काय सांगते आहे मग?” तो हसून म्हणाला. तिने मान डोलावली. एवढ्या जागा अचूक काढून दिलेल्या माणसाला ती बिचारी काय विचारणार होती?

समोरच्या घरात अलमेलु नावाची म्हातारी राहते. तिचा सासरा रेशीम रंगवणारा होता, तो जाऊन जमाना झाला. आता ती ओट्यावर बसून चरख्यावर कांड्या भरते. सेतू तुळशीभोवती फिरतो आहे हे पाहून ती उठून आली. तमिळमध्ये म्हणाली, “तुळशीला हात लावू नका. मामनार, माझे सासरे, मरताना सांगून गेलेत. काहीही करा, तुळस हलवू नका म्हणाले.”

“का पण?” मी विचारलं.

“ते काही बोलले नाहीत. मी सून. सून काय विचारणार?”

सेतूने तिला नमस्कार केला. म्हणाला, “आजी, आमच्याही घरची तुळस हलवली. विधीने हलवली तर ती रागावत नाही. तुमच्या मामनारांची विहीर पुन्हा जिवंत होईल, त्यांना आनंदच होईल.” म्हातारी परत जाऊन चरख्यापाशी बसली, पण चाक काही फिरवलं नाही तिने. मला ते खटकलं. शिवाय ती तुळस पाहून खटकलं. रोज पाणी घालतात असं दिसत होतं, माती ओली होती, पण रोप काडीसारखं. अलमेलुची नात म्हणाली, दरवर्षी नवं लावतो, दरवर्षी जळतं. मी सेतूला म्हटलं, “विहिरीवरची तुळस अशी मरतुकडी असते होय रे?” तो म्हणाला, “अक्का, विणकरांच्या पोरांस तुळस लावता येत नाही मणून माझी विहीर वाईट होते का गे?” आणि मलाच हसला.

चांगला वार पाहून पूजा झाली. तुळस मातीसकट उचलून हातपंपाजवळ नव्या कुंडीत लावली. म्हणजे पंप पुन्हा चालू झाला की त्याचं सांडलेलं पाणी तिला आपोआप मिळेल. मग उकरायला सुरुवात केली. वर विटांचे तुकडे, मग स्वच्छ वाळू. “पाहा, प्रेमाने भरली आहे,” सेतू म्हणाला. मजूर खाली गेला तसा बादलीतून एक चिंधी वर आली, रेशमाची. मातीत इतकी वर्षं पडून तिचा रंग तसाच होता, भडक, जांभळट गुलाबी, आत्ताच रंगाच्या कढईतून काढल्यासारखा. गायत्री बघायला आली होती, तिने ती चिंधी उचलून घरी नेली, धुतली, खिडकीत वाळत घातली. “आत्या, असा रंग आता होत नाही,” म्हणाली. मला तो रंग बघवेना. मातीत गेलेली वस्तू मातीसारखी व्हावी. मी हे बोलूनही दाखवलं, माझं तोंड कधी बंद असतं? सेतू म्हणाला, “विणकरांच्या गावी मातीत रेशीम नाही तर काय मोती निघायचे?” मजूर वर आला तेव्हा थुंकत होता. तोंडात लोखंडाची चव येते म्हणाला. पाणी दिलं, चूळ भरली, विषय संपला.

आणि मग पाणी ओतून पाहिलं. टँकरच ओतला. असली जागा सेतूने आयुष्यात पाहिली नव्हती. विहिरीने पाणी घटाघटा पिऊन टाकलं. एवढं पाणी आत जाताना आतून आवाज येत होता, घोट घ्यावा तसा. पोरांनी टाळ्या पिटल्या. सेतू कडेला उकिडवा बसून ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या अंगावर मात्र काटा आला. तहानलेला किती पितो यालाही मर्यादा असते. पण मी पाण्यातली नव्हे, बँकेतली बाई. माझ्या काट्याला कोण विचारतो?

ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, आमच्याकडचा मोठा पाऊस आला आणि चांगलाच आला. दोन्ही बाजूंच्या पन्हाळ्या भरून वाहत होत्या, नळातून पाणी खडीत, खडीतून वाळूत, वाळूतून विहिरीत. वरून जाणारं पाणी स्वच्छ होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. सेतू चुरमुरे न घेताच भिजत उभा होता. काही दिवसांनी गल्लीचा हातपंप खडखडला आणि त्याच्या तोंडातून पाण्याची धार आली. पहिली घागर सेतूने स्वतः भरली आणि लेकीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. तिला पेला भरून दिला. ती प्यायली आणि म्हणाली, “अप्पा, गोड आहे.” तोही प्यायला. गल्लीने त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. टँकरवाल्याला नको म्हणून सांगितलं. अलमेलुसुद्धा घागर घेऊन रांगेत उभी राहिली.

पुढचे आठवडे सेतू आनंदात होता. गायत्रीचं पोट दिसायला लागलं, चेहऱ्यावर तजेला आला, ती पुन्हा बोलायला लागली. बाप रोज फोन करून विचारायचा, “पाणी पितेस की? पुष्कळ पी. डॉक्टरीण सांगिटली आहे.” ती म्हणायची, “पितें अप्पा. दुसरं करतें काय?”

हातपंपाजवळची तुळस आधी जोमाने वाढली होती. नवीन जागा मानवली, सगळे म्हणाले. पावसानंतर तिची खालची पानं तपकिरी झाली. मग वरची. मी गायत्रीकडे गेले की आधी त्या कुंडीकडे बघायची. कोणी म्हणे थंडीने, कोणी म्हणे दृष्ट लागली. गल्लीत एका पोराच्या हातांना खाज सुटली, कुणाच्या पोटात मळमळ. पावसाळ्यात होतंच, म्हणाले सगळे. खरंच होतं. कशालाही कारण मिळत होतं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

पुढच्या, कार्तिगै महिन्याच्या अखेरीला गायत्रीचं डोहाळजेवण केलं. त्यानंतरच्या मार्गळी महिन्यात मंगल कार्य करत नाहीत, म्हणून त्याआधी. आमच्या रीतीने ओटी भरायची आणि गल्लीतल्या बायकांनी त्यांच्या रीतीने हिरव्या काचेच्या बांगड्या भरायच्या, असं ठरलं. सगळ्या गल्लीचं जेवण. मोठ्या पितळी पातेल्यात पायस रटरटत होतं. पाणी अर्थातच दारच्या हातपंपाचं. बायकांनीच हौसेने उपसलं होतं. पाणी गायत्रीच्या बापाने आणलं, मग तेच घ्यायला नको का, म्हणाल्या. गायत्री हिरव्या साडीत पाटावर बसली होती. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती. तिच्या हातात दोन्हीकडून बांगड्या चढत होत्या.

त्या दिवशी अलमेलुचा थोरला दीर वेंकटेश तिरुप्पूरहून आला. मुलाकडे राहतो तो, इकडे क्वचित येतो. रंगकामातच जन्म गेलेला माणूस, बोटांच्या पेरांत अजून काळपट निळा रंग मुरलेला. अलमेलुने त्याला सेतूपाशी आणलं आणि कौतुकाने म्हणाली, हेच ते, आपली विहीर यांनीच उघडली. म्हातारा गल्लीच्या टोकाकडे बघत उभा राहिला.

“तुळस कुठाय?” त्याने विचारलं.

सेतूने हसतच पंपाकडे बोट केलं. कुंडीत आता काड्याच होत्या.

वेंकटेशने कुंडी पाहिली, पंप पाहिला, रांगेतल्या घागरी पाहिल्या. मग तिथेच ओट्याच्या पायरीवर बसला. मी जवळच होते, प्रत्येक शब्द ऐकला.

“ती पाण्याची विहीर नव्हती,” तो म्हणाला. “होती कधीतरी, माझ्या जन्माआधी. नंतर आमचा रंगाचा कारखाना तिथे होता. कढया धुतलेलं सगळं पाणी तिच्यात जायचं. आम्ल, रंग पक्का करायचे धातूचे क्षार, सगळं. माझं सगळं तरुणपण मी तिच्यात ओतत आलो. कारखाना बंद झाला तेव्हा उरलेली पिंपंही आत ढकलली. अप्पांनी, म्हणजे हिच्या सासऱ्यांनी, वर वाळू भरली आणि तुळस लावली. ही लग्न होऊन आली ती त्यानंतर.”

“तुळस का?” सेतूने विचारलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

“पाटी लावली तर पाटी लोक जळणाला नेतात. दगड ठेवला तर दगड पायरीला नेतात. अप्पा म्हणाले, तुळस उपटायला कोणी धजणार नाही. कोणी कधी खणू नये, म्हणून लावली.” म्हाताऱ्याने वर पाहिलं. “कोरडी होती तोवर सगळं जागच्या जागी पडून होतं. तुम्ही तिच्यात पाणी सोडलंत?”

त्याच वेळी आतून कोणीतरी हाक मारली, पायस झालं, आधी गर्भिणीला वाढा. साईकुमारने वाटी भरली आणि गायत्रीच्या हातात दिली.

माझा भाऊ आयुष्यात कधी धावलेला मी पाहिला नाही. तो धावला. बायकांच्या मधून, ओटीच्या तबकावर पाय देत, तांदूळ-नारळ उधळत गेला आणि लेकीच्या हातावर फटका मारला. वाटी भिंतीवर जाऊन आदळली. मग त्याने नुसत्या हातांनी ते उकळतं पातेलं धरलं आणि उलटं केलं. पायस अंगणभर पसरलं. गायत्रीच्या हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या. मनगटातून रक्ताची बारीक धार आली. डोहाळजेवणाच्या पाटावर बांगडी फुटली. एक बाई किंचाळली, बाकीच्या गप्प. माग त्या दिवशी बंद होते, त्यामुळे ती शांतता फार मोठी झाली.

“अप्पा,” गायत्री म्हणाली, “काय केलंत हे?”

“पिऊं नको,” तो म्हणाला. “पिऊं नको, पिऊं नको गे माय.” एवढंच. त्याचे हात भाजून लाल झाले होते.

लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. पाणी स्वच्छ दिसत होतं, गोड लागत होतं. आणि हे पाणी उत्तम आहे असं ज्याने घसा फोडून सांगितलं, तोच आता विष म्हणतो! कोणी म्हणालं, म्हाताऱ्या वेंकटेशला भ्रम झाला आहे. कोणी म्हणालं, सेतूराव मुळातच वेडा. हार घालणारे हात लांब राहिले. कीर्ति येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली. उत्तर आलं त्या दिवशी तिने फोन केला नाही, स्वतः आली. धातू होते, असायला हवेत त्याहून बरेच जास्त. तिने सेतूकडे पाहायचं टाळलं. मला त्या पोरीची कीव आली. तिने योग्य प्रश्न विचारला होता, आणि उत्तर आम्ही दोघा भावंडांनी हात जोडून दिलं होतं.

पंपाला लाल रंग फासून साखळी लावली. पन्हाळ्या तोडून पाणी गटारात वळवलं. विहिरीचं तोंड सेतूने स्वतः सिमेंटने बंद केलं, भाजलेल्या हातांना फडकी बांधून. पण पाऊस चार वाटांनी मुरून चुकला होता, आणि खालच्या वाळूतून तो आता कुठे निघाला आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. पुढच्या गल्लीतले बोअर तपासायचे आहेत, त्यापुढे शेतं आहेत. खाली गेलेलं माघारी बोलावता येत नाही, हे वाक्य तो आता उच्चारत नाही. मीही नाही.

डॉक्टरणीने रक्त तपासायला घेतलं. बाळ वाढतंय म्हणाली, ठोके चांगले आहेत म्हणाली, आणि मग म्हणाली, बाकीचं जन्मल्यावरच कळेल. त्या ‘बाकीचं’चा अर्थ तिला कोणी विचारला नाही. एकदा गायत्रीने बापाला विचारलं, “अप्पा, ते पाणी मी कधीपासून पितें?” ज्या माणसाला प्रत्येक सरीची आठवण असते, ज्याने पहिला पेला स्वतःच्या हाताने तिला दिला, तो म्हणाला, “मज आठवत नाही गे.” तिला कळलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

आता मार्गळी चालू आहे. पहाटे गल्ल्यांत दारापुढे पिठाचे कोलम काढायला बायका वाकतात, देवळांतून गाणी ऐकू येतात. पहिल्या बसने सेतू निघतो. पितळी घागरीत आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी असतं, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. लेक आणि जावई आमच्याकडे राहायला या म्हटलं, तर गायत्री नको म्हणते. गल्ली जे पिऊन बसली आहे तेच मीही प्यायले, आता त्यांना सोडून कशी येऊ, म्हणते. मला तिचा राग येतो, आणि मग मी न्हाणीघरात जाऊन रडते.

काल मी त्याच्याबरोबर गेले. दारात अलमेलु बसली होती, तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. गायत्रीच्या खिडकीत ती चिंधी अजून लटकते आहे. उन्हात इतके दिवस राहून तिचा रंग कणभरही उतरलेला नाही. सेतूने घागर ठेवली आणि पेला भरून लेकीपुढे धरला. तिने घेतला नाही.

“अप्पा, हे कोठचं पाणी?”

ती हे रोज विचारते, असं साईकुमार नंतर मला म्हणाला. तेच पाणी, तोच बाप, तरी रोज.

“आपल्या घरचं,” सेतू म्हणाला. “परसातल्या विहिरीचं.”

गायत्री त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने तो पेला स्वतःच्या तोंडाला लावला, अर्धा प्यायला, आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. तीही बसली, पोटावर हात ठेवून. बाहेर मागांची खटखट चालली होती. बऱ्याच वेळाने, बापाला काही होत नाही असं पाहून, तिने उरलेला पेला हातात घेतला.